बहात्तर नंबरचा रुसवा

मुरलीधर नऊ वर्षं बायकोवर रुसून बसला होता. भांडून नाही, रुसून. भांडणारी माणसं मला परवडतात, आमच्या घरात सगळेच भांडखोर. रुसलेल्या माणसाचं काय करायचं असतं ते मात्र मला या वयापर्यंत धड कळलेलं नाही, आणि बहुतेक म्हणूनच मी हे सांगत बसलेय.

त्याची बायको पद्मा भूलतज्ज्ञ. नऊ वर्षांपूर्वी तिने कालगुर्लीच्या हॉस्पिटलात नोकरी घेतली. सोन्याच्या खाणींचं गाव, सिडनीहून पर्थला पाच तास आणि तिथून पुढे आणखी एक छोटं विमान. कॉन्ट्रॅक्टवर सही करून झाल्यावर तिने ब्लॅकटाउनच्या घरात जेवताना सांगितलं. मुरलीधरने आमटी भुरकली. ती म्हणाली, "येशील ना तूही?" तो म्हणाला, "बघू."

झालं एवढंच. मुरलीधरचं म्हणणं, आता तिने पुन्हा विचारायचं होतं. सहीच्या आधी विचारलं नाही, निदान नंतर तरी दोनदा विचारायचं. तो "नको गं" म्हणणार, ती "असं काय रे" म्हणणार, मग तो बॅग भरणार. तिने काही दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती गेली, हा राहिला. घटस्फोट नाही, काही नाही. दिवाळीला फोन, वाढदिवसाला मेसेज. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नव्हतं.

मला हे सगळं त्याने तीन-चार वर्षांत तुकड्यातुकड्याने सांगितलं. मी एकदा म्हटलंही, "अरे, मग तूच जा ना उठून." तर म्हणाला, "असं कसं? मी रुसलोय ना." अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पॅरामॅटात रेल्वे सिग्नलचा सीनियर इंजिनिअर. काय बोलणार, डोंबल.

मी त्याला क्लबात ओढला ते दया येऊन. ब्लॅकटाउनच्या आपल्या वाण्याकडे हा माझ्या पुढे रांगेत होता. हातात कढीपत्त्याची एक पुडी आणि एक दही. मी विचारलं, "शनिवारी काय करतोस रे?" तो म्हणाला, "काही नाही." मी म्हटलं, "मग क्लबात ये." आला. त्याला कोणी ये म्हटलं की तो येतो, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमचा क्लब म्हणजे प्रॉस्पेक्ट पेलिकन्स. अमेरिकन फुटबॉल खेळतात, इथे त्याला ग्रिडायर्न म्हणतात. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं, तो खेळ. इथे कोणाला त्यात पगार नाही, उलट खेळणारेच वर्गणी भरतात. माझा धवल तीन सीझन खेळला, तेव्हा मला कॅन्टीनला उभं केलं. धवल ब्रिस्बेनला गेला आणि आई कॅन्टीनमध्येच राहिली. पुढे सेक्रेटरी झाले, कारण दुसरं कोणी होत नव्हतं.

मुरलीधरने पहिला महिना नुसता बघितला. मग एक दिवस लांबट वही घेऊन आला. बॉल फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी असतात, त्यांना लाइनमन म्हणतात. त्यांनी बॉलला हातही लावायचा नाही. समोरून येणारे लोक अंगावर घ्यायचे, म्हणजे मागच्याला बॉल फेकायला दोन-तीन सेकंद मिळतात. त्यांचे आकडे कोणी ठेवत नाही. मुरलीधर ठेवायला लागला. कोणी किती सेकंद थोपवलं, कोणाच्या बाजूने माणूस आत घुसला. मी विचारलं, "हेच का रे?" तर म्हणाला, "सिग्नल नीट चालला तर आमचंही नाव कोणी घेत नाही." मग आमचा कोच त्या वहीशिवाय हलेना, आणि मुरलीधर कमिटीवर आला.

आणखी एक झालं. वरुण म्हणून एक पुण्याचा आयटीवाला आमच्याकडे किकर होता, एकोणतीस वर्षांचा. किकर म्हणजे गोलखांबांच्या मधून बॉल लाथेने मारणारा. कॉलेजात साधा फुटबॉल खेळलेला, पाय सरळ होता. मुरलीधर त्याला दर शनिवारी सेव्हन हिल्सहून गाडीत घ्यायचा आणि मॅच झाल्यावर घरी नेऊन जेवायला घालायचा. खिचडी, पापड, कैरीचं लोणचं. दोघं मराठीत बडबडायचे. आठवड्यातले उरलेले सहा दिवस मुरलीधर मराठी कोणाशी बोलायचा? माझ्याशी दहा मिनिटं, बस. त्याच्या घरात दोन ताटं धुतली जायची ती शनिवारीच.

मुरलीधर निघताना नेहमी "येतो" म्हणायचा. आपल्यात "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणायचं, आणि समोरच्याने "ये" म्हणायचं. पण मी पंचवीस वर्षं इथे राहून बिघडलेय. तो म्हणायचा, "येतो गं शुभदा." मी तेलकट हात पुसत म्हणायचे, "बाय, सी या."

तर गेल्या सप्टेंबरात भानगड सुरू झाली. हॉक्सबरी हेरॉन्स हा आमचा जुना वैरी क्लब. त्यांचा सर्वांत तगडा लाइनमन सेमिसी, मूळचा टोंगा बेटांवरचा, एकशे चाळीस किलो, जर्सी नंबर बहात्तर. सात वर्षं खेळला आणि या सीझनला घरीच बसला. खेळत नाही, सोडतही नाही, कोणाला काही सांगतही नाही. हेरॉन्सचा कोच ग्रेग वैतागला. आमच्या डॅरेनला, म्हणजे प्रेसिडेंटला, त्याने फोन केला: सेमिसी तुम्ही घ्या, क्लिअरन्सचं पत्र मी देतो, पण बदल्यात मला तुमचा किकर द्या.

आमची लाइन तेव्हा अगदी चाळणी झालेली. बॉल फेकणारा पोरगा दर मॅचला आठ-आठ वेळा आडवा व्हायचा. कमिटीत आम्ही पाच जण. डॅरेन आणि कोच म्हणाले, घ्या. मी आणि खजिनदार नको म्हणालो. माझं कारण सरळ होतं: जो आपल्या क्लबात तोंड फिरवून बसला तो आमच्याकडेही बसेल. राहिला मुरलीधर.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वरुण गेला तर त्याचा शनिवार गेला, हे कॅन्टीनच्या फ्रायरलाही माहीत होतं. तो "नको" म्हणणार म्हणून डॅरेनने आधीच पेन खाली ठेवलं होतं.

मुरलीधर म्हणाला, "आधी मी त्याला भेटून येतो. त्याला काय हवंय ते कोणी विचारलंय का?"

डॅरेन म्हणाला, "मेसेज केलेत मेट. रिप्लाय देत नाही."

"मेसेज नाही. घरी जाऊन."

नंतर मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. म्हटलं, "मुरली, खरं सांग. तुला वरुण द्यायचा नाहीये ना?"

"नाही द्यायचा," तो म्हणाला. अगदी सरळ म्हणाला. "पण त्यासाठी हात वर करायची लाज वाटते. दुसरं काही कारण मिळतंय का बघतो." मग म्हणाला, "येतो." मी म्हटलं, "बाय."

रविवारी सकाळी तो माउंट ड्रुइटला सेमिसीच्या घरी गेला. सेमिसी गॅरेजमध्ये लॉनमोअर उघडून बसला होता. मुरलीधरने ओळख करून दिली. सेमिसी म्हणाला, "येह." मुरलीधरने विचारलं, खेळत का नाहीस. तो म्हणाला, "नाह." आमच्याकडे येतोस का? "डोन्ट नो." वीस मिनिटं हेच चाललं. मुरलीधरच्या अंगात चिकाटी भरपूर, पण शब्द मोजके, आणि समोरचाही तसलाच. शेवटी उठला आणि सवयीप्रमाणे म्हणाला, फक्त इंग्रजीत: "ओके देन. आय विल कम."

येतो मग, असं त्याला म्हणायचं होतं. आणि घरी येऊन तो मुगाची खिचडी टाकून पेपर वाचत बसला.

अडीच वाजता क्लबाचा फोन वाजला. तो फोन माझ्याच पर्समध्ये असतो. पलीकडून एक म्हातारी बाई फार सभ्यपणे विचारत होती, तुमचा तो जंटलमन कुठे राहिला? "ही सेड ही विल कम. वुई आर वेटिंग विथ द फूड." सेमिसीची आई. चर्चमधून आलेले नऊ जण ताटकळत बसले होते, कारण पाहुणा येतो म्हणाला होता.

मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. मुरलीधरला फोन लावला. म्हटलं, "अरे बाबा, तू त्यांना येतो म्हणालास?"

"हो, निघताना म्हटलं."

"मग आता जा. ते जेवायचे थांबलेत."

मग तो म्हणाला, "माझ्यासाठी?" मला अजून तो आवाज आठवतो आणि माझा मलाच राग येतो. इतक्या वर्षांत मी याला किती वेळा जेवायला बोलावलं असेल, बोटांवर मोजण्याइतकं.

तो गेला. अळूच्या पानात मटण गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवलेलं त्यांच्यात करतात. मुरलीधर जन्मात मटण न खाल्लेला माणूस. मला नंतर एवढंच म्हणाला, "अळू फार सुरेख होता गं." आत काय होतं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर सेमिसी स्वतःहून बोलायला लागला. वडील फेब्रुवारीत गेले. तो सात आठवडे टोंगाला होता. ग्रेगने मेसेज केला, टेक युअर टाइम मेट, खाली हात जोडल्याचं चित्र. परत आला तर बहात्तर नंबरची जर्सी दुसऱ्या पोराला दिलेली. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, यादी करताना झालं असणार. पण सात वर्षांत दर रविवारी ग्रेग या घरात जेवून गेलेला माणूस. वडिलांनी त्याला स्वतःच्या हाताने वाढलेलं. आणि ते गेल्यावर हा एकदाही दारात आला नाही.

"एव्हरीवन आस्क्स व्हॉट आय वॉन्ट," सेमिसी म्हणाला. "आय डोन्ट वॉन्ट नथिंग."

मुरलीधर म्हणाला, "आय नो."

मंगळवारी कमिटी पुन्हा बसली. डॅरेनने विचारलं, काय हवंय त्याला? कॅप्टनशिप? ट्रेनिंगमध्ये सूट? मुरलीधर म्हणाला, त्याला काही नको, तो अडून बसलेला नाही. मग शब्द शोधत थांबला आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "शुभदा, रुसण्याला काय म्हणतात?"

मी म्हटलं, "सल्किंग."

डॅरेन हसला. एकशे चाळीस किलोचा माणूस सल्किंग करतोय म्हणून कोचही हसला. तेव्हा मी मुरलीधरला पहिल्यांदा चिडलेलं बघितलं. टेबलावर हात वगैरे आपटला नाही, फक्त आवाज बारीक झाला. "नॉट सल्किंग," तो म्हणाला, आणि पुढचं मला म्हणाला, भाषांतर कर म्हणून. "तोंड पाडून कोणीही बसतं. रुसायला आपला माणूस लागतो. परक्यावर रुसता येत नाही. आणि ज्याच्यावर रुसलो त्यानेच यावं लागतं, दुसऱ्याने येऊन चालत नाही. आपण त्याला घेतला तर तो खेळेल, चांगलाच खेळेल. पण त्याची नजर सगळा वेळ पलीकडच्या बेंचवर असेल."

मी जमेल तसं इंग्रजी केलं. निम्मं सांडलं असेल. मुरलीधरने नको म्हणून हात वर केला. तीन विरुद्ध दोन, अदलाबदल रद्द.

डॅरेन मला नंतर म्हणाला, छान गोष्ट रचली तुझ्या मित्राने, किकर वाचवायला. मी त्याला झापलं. पण खरं सांगते, माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं.

मुरलीधर तेवढ्यावर थांबला असता तर मी त्याला चलाख म्हटलं असतं. तो बुधवारी ऑफिसातून निघून थेट ग्रेगच्या वर्कशॉपवर गेला. वैरी क्लबाचा कोच. त्याला म्हणाला, सेमिसीच्या घरी जा. फोन करून जाऊ नको. फुटबॉलचं काढू नको. वडिलांच्या फोटोजवळ थोडा बस, जे वाढतील ते खा, आणि तो "इट्स ऑल राइट" म्हणाला तरी उठू नको. दुसऱ्यांदा म्हणेल तेव्हा ऊठ. ग्रेग म्हणे पाना हातात धरून ऐकत राहिला.

रविवारी ग्रेग गेला. सोमवारी सेमिसी हेरॉन्सच्या ट्रेनिंगला हजर. अंगात बहात्तर.

आणि नोव्हेंबरच्या सेमीफायनलला आमची गाठ पडली हेरॉन्सशीच. सेमिसीच्या बाजूने आमचा एकही माणूस आत शिरू शकला नाही, एकही. वीस विरुद्ध सतरा, आम्ही बाहेर. मुरलीधर वहीत लिहून घेत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. डॅरेनने ते बघितलं आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. कोणाचा माणूस आहेस तू, असं तो विचारत नव्हता एवढंच.

मॅच संपल्यावर मुरलीधर आणि वरुण नेहमीप्रमाणे गाडीत बसले. पुढचं मला मुरलीधरनेच सांगितलं. प्रॉस्पेक्टच्या सिग्नलला गाडी उभी होती आणि वरुण म्हणाला, "काका, एक बोलू? रागावू नका."

"बोल की."

"मला जायचं होतं हेरॉन्सकडे."

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. वरुण सांगत होता की निहारिका, त्याची होणारी बायको, हॉर्न्सबीला राहते, हेरॉन्सचं ग्राउंड तिथून दहा मिनिटांवर. आता दोघं तिथेच फ्लॅट घेतायत. शनिवारी इकडे येऊन परत जायचं म्हणजे सगळा दिवस जातो. मागच्या वर्षीपासून सांगायचं मनात होतं. "पण तुम्ही पापड भाजून ठेवायचात. कसं सांगणार?"

मुरलीधर म्हणाला, "मला सांगायचंस रे."

"तुम्ही विचारायचंत, काका. सेमिसीला विचारायला माउंट ड्रुइटला गेलात. मी तर शेजारी बसलेलो होतो."

पोरगं वाईट नाही. त्या दिवशीही जेवून गेला, भांडीसुद्धा विसळली. निघताना "येतो काका" म्हणाला. पण पुढच्या शनिवारी यायचं कारण उरलेलं नव्हतं, आणि तो आला नाही.

त्यानंतरचे दोन शनिवार मुरलीधर काय करत होता मला माहीत नाही. सीझन संपला होता, क्लब बंद. मी फोन करीन म्हणत राहिले. डिसेंबरात त्याचाच आला. "कालगुर्लीला जाऊन येतो," म्हणाला.

मी म्हटलं, "तिने बोलावलं?"

"नाही. मीच."

मला इतका आनंद झाला की मी चकल्या करून दिल्या. म्हटलं, पद्माला माझ्याकडून दे. नऊ वर्षांचं घोडं अखेर हललं म्हणून मी घरी नवऱ्यालाही पेढा दिला. मुरलीधरने तीन आठवड्यांची रजा टाकली होती, हेही मी मोठ्या कौतुकाने सगळ्यांना सांगितलं.

तो पाचव्या दिवशी परत आला.

जानेवारीच्या मध्याला मी क्लबाचा डीप फ्रीझर साफ करत होते, दुपारचे तीन वाजलेले, बाहेर चाळीस डिग्री. हा आला, पत्र्याखालच्या बाकावर बसला. मी आतून बर्फ खरवडतेय, तो बाहेरून सांगतोय. मॅचचे आकडे सांगतो तसंच.

पद्मा विमानतळावर घ्यायला आली होती. केस पांढरे ठेवलेत आता. घर छोटं, नीटनेटकं. खाणीत सुरुंग उडाला की कपाटातल्या कपबश्या किणकिणतात. तिने त्याला चहा दिला आणि विचारलं, साखर किती घेतोस? तेवढ्यावरून मला फ्रीझरमधून डोकं बाहेर काढावंसं वाटलं.

दोन दिवस तिने त्याला गाव दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्याने धीर करून म्हटलं, "तू पुन्हा विचारलं नाहीस."

ती म्हणाली, "काय विचारलं नाही?"

"येशील ना, असं. एकदाच विचारलंस."

तिला आठवायला वेळ लागला. मग म्हणाली, "तू 'बघू' म्हणालास, मुरली. मी पेशंटला एकदा विचारते, तो नाही म्हणाला तर सुई लावत नाही. मला वाटलं, तू बघितलंस आणि नको ठरवलंस."

तो म्हणाला, "मी रुसलो होतो."

मग तिने विचारलं, "कधी?"

मी फ्रीझरचं झाकण धरून तशीच उभी राहिले. नऊ वर्षं. हा ब्लॅकटाउनमध्ये रोज दाराकडे कान लावून बसला होता, आणि तिकडे तिला हा रुसलाय हेच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, नवऱ्याला आपली कटकट नको होती, सुटला. पहिलं वर्षभर तिने मागची खोली त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती, रेल्वेची पुस्तकं मावतील असं कपाटही घेतलं होतं. मग एक दिवस ते कपाट हॉस्पिटलातल्या नर्सला देऊन टाकलं. हे सांगताना रडली म्हणे. हाही रडला. मला वाटलं आता पुढे काहीतरी चांगलं येणार.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. चौथ्या दिवशी तिला ड्यूटी होती. मला पेपर वाचून कंटाळा आला. पाचव्या दिवशी मी निघतो म्हणालो. ती म्हणाली, तिकीट बदलून मिळेल का. मिळालं."

"अरे, रजा तीन आठवड्यांची होती ना?"

"थांब म्हणाली नाही ती." त्याने वही उगाच उघडून मिटली. "विमानतळावर मी म्हटलं, येतो. तर म्हणाली, नीट जा."

मला काय ते कळलं. इथल्या कोणाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, बरोबरच म्हणाली की, काळजीने म्हणाली. पण आपल्या माणसाने येतो म्हटल्यावर कोणी जा म्हणत नाही. पद्मा पुण्याची, तिला हे कळत नसेल असं होणार नाही. किंवा तीही माझ्यासारखीच बिघडली असेल. मी हे त्याला म्हटलंसुद्धा. म्हटलं, "मुरली, तिच्या तोंडून सहज गेलं असेल. एकटी राहते, ड्यूटीवरच्या गोऱ्यांशी इंग्रजी बोलते दिवसभर. तू फोन कर आणि सरळ विचार, पुन्हा येऊ का."

"तिने ये म्हणायला हवं होतं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. बर्फाची पळी सिंकमध्ये टाकली. "अरे माणसा, पुन्हा तेच? ग्रेगला शहाणपण शिकवायला गेलास, दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत उठू नको म्हणालास. आणि स्वतः पाचव्या दिवशी उठून आलास? ती बाई वर्षभर खोली रिकामी ठेवून बसली होती. ती रुसली असेल तर? तू काढलास का तिचा रुसवा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, शपथेवर सांगते. उन्हाने पत्रा तडतडत होता. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल, निदान चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"उशीर झाला गं," तो म्हणाला. कशाला ते सांगितलं नाही. घड्याळात साडेतीन वाजले होते आणि त्याला कुठेच जायचं नव्हतं.

तो उठला, वही काखेत घेतली, टोपी डोक्यावर ठेवली. चकल्यांचा माझा डबा धुवून आणला होता, तो बाकावर ठेवला. "येतो, शुभदा."

माझे हात बर्फाच्या पाण्यात होते, डोक्यात अजून राग होता. मी म्हटलं, "बाय, सी या."

तो गाडीपर्यंत पोचला तेव्हा मला कळलं मी काय म्हणाले ते. हात तसेच ओले, मी पार्किंगकडे धावले. साठीला आलेल्या बाईने जेवढं धावायचं तेवढं. "ये रे!" मी ओरडले. "मुरली, रविवारी ये, जेवायला ये!"

त्याने एसी लावला होता आणि काचा वर होत्या. गाडी गेटातून बाहेर पडली, डावीकडे इंडिकेटर दिला आणि वळली.